तसबिरीची पारख व जतन

'तसबीर' या संज्ञेने येथे काचेच्या चौकटीत बसविलेले, मुद्रित आकृतिचित्र अभिप्रेत आहे. हाताने रंगविलेले चित्र व छायाचित्र या व्याख्येबाहेर राहतात. पुण्याच्या बुधवार पेठेत तुळशीबागेच्या परिसरात आजही देवादिकांच्या तसबिरी विकल्या जातात. त्यांत व आजोबांच्या देवघरातल्या तसबिरीत भेद कोणता, हा पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर मुद्रणपद्धतीत आहे. 1) शिलामुद्रण: चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने रेखन, आणि प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात स्थापिलेली चित्रशाळा व 1894 चा रविवर्मा छापखाना यांची चित्रे या वर्गातील. भिंगातून पाहता ठिपके अनियमित दिसतात, आणि पदराच्या काठाशी एखादा रंग रेषेबाहेर सरकलेला आढळतो. 2) ऑफसेट: येथे ठिपके जाळीप्रमाणे नियमित असतात. ओलिओग्राफ हा स्वतंत्र वर्ग नव्हे. रोगण व कापडासारखा पोत दिलेले ते शिलामुद्रणच. तळाशी छापलेल्या छापखान्याच्या नावावर विसंबू नये. ते पुनर्मुद्रणातही उतरते, आणि अस्सल प्रतीवरून चौकटीच्या मापासाठी कापलेही जाते.

पद्धत ठरल्यावर अवस्था पाहावी. येथे मळ व खूण हा भेद आवश्यक आहे. कागदाचा नाश चालू ठेवतो तो मळ. घडून गेलेल्या वापराचा स्थिर अवशेष ती खूण. बुरशी हा मळ होय. कपाळी लागलेले गंध, वस्त्रावर शिवलेली जर व टिकल्या या खुणा होत. त्यांनी मूल्य घटते असे मानणे चूक. कुंकवाच्या डागास ओले फडके लावल्यास रंग पसरतो आणि खुणेचाच मळ होतो.

नाशाची कारणे मुख्यतः तीन: आम्ल, प्रकाश, आर्द्रता. प्रकाशाची हानी भरून येत नाही, म्हणून उन्हाची भिंत वर्ज्य. आर्द्रतेचा विचार अधिक सूक्ष्म आहे. काच कागदास टेकलेली असल्यास पावसाळ्यात मध्ये दमट थर धरतो व चित्र काचेस चिकटते. ते ओढून काढू नये. काचेसह तज्ज्ञाकडे न्यावे. चिकटण्यापूर्वीचा उपाय सोपा: आम्लरहित जाड पुठ्ठ्याचा माउंट घालून काच व कागद यांत अंतर ठेवावे. चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावले, तर भिंतीची ओल थेट पोचत नाही. कसरीस खळ प्रिय असल्याने चित्र पुठ्ठ्यास सर्वांगी चिकटवू नये. सेलोटेप तर सर्वथा निषिद्ध.

आम्लाचे ठिकाण बहुधा पाठीमागे असते: लाकडी फळी, आणि तिच्याआड घातलेले वर्तमानपत्र. हे वर्तमानपत्र एकाच वेळी मळही आहे आणि खूणही. त्याच्या आम्लाने चित्र पिवळे पडते, पण त्यावरील दिनांकावरून चौकट कधीनंतर बसविली हे कळते. चित्र केव्हा छापले, हे मात्र त्यावरून कळत नाही. म्हणून ते चित्रापासून दूर करावे, फेकू नये. घडी न घालता निराळ्या पाकिटात ठेवून पाकिटावर तसबिरीचे नाव लिहावे.