शेपटीच्या चाकाची विद्या

वर्धेच्या काठचा गोंड राजांचा किल्ला, भूगर्भातल्या कोळशाच्या खाणी आणि बांबूच्या रानावर उभी राहिलेली कागदाची गिरणी यांनी बल्लारपूरच्या माणसाची नजर जमिनीशी बांधून ठेवली आहे. चंद्रपूरजवळच्या मोरव्याची धावपट्टी सोडली तर विमानविद्येशी त्याचा निकटचा संबंध क्वचितच येतो. तथापि ज्याची दृष्टी जमिनीवर स्थिर झाली आहे, त्यालाच या विद्येचे एक दुर्लक्षित प्रकरण अधिक नीट उमगावे. विमानांचा इतिहास लिहिताना आपण उंची, वेग आणि अंतर यांचीच मोजदाद करतो. परंतु या शास्त्राच्या पहिल्या तीन-चार दशकांत वैमानिकाची खरी कसोटी लागत असे ती जमिनीवर, आणि तीही विमान अगदी संथपणे चालत असताना.

त्या काळच्या हलक्या विमानांना पुढे दोन चाके असत आणि मागचा भार शेपटीखालच्या घसरपट्टीवर किंवा लहानशा चाकावर पडे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे राहतो, आणि सगळी अडचण येथूनच उत्पन्न होते. बैलांनी ओढलेली बंडी आपोआप वाट धरते, पण तीच मागून रेटू लागलो म्हणजे कोणत्या बाजूस वळेल याचा भरवसा नसतो. तद्वत या विमानाचे नाक किंचित वळले की मागचा भार ते वळण वाढवीत नेतो, आणि वैमानिकाच्या पायांनी सुकाणू क्षणार्धात सावरले नाही, तर विमान स्वतःभोवती गरकन फिरून पंखाचे टोक जमिनीला घासते. यालाच वैमानिक ग्राउंड लूप म्हणतात. शिवाय नाक वर असल्यामुळे समोरचे काही दिसत नाही; म्हणून नागमोडी चालत, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून डोकावत पुढे सरकायचे. वारा समोरून तिरपा असेल तर नियंत्रणाचा दांडा पोटाशी आणि वाऱ्याच्या बाजूस धरायचा. पाठीमागून तिरपा असेल तर पुढे आणि विरुद्ध बाजूस. ही विद्या ग्रंथात सांगता येते, परंतु ती मुरते ती पायांतच.

महाराष्ट्रात तिची पहिली शाळा जुहूस भरली. १९२८ साली तेथे विमानतळ झाला, बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिकी परवाना मिळाला. त्या वेळच्या मॉथ विमानांना ब्रेक नसत. चाकांपुढे ठोकळे लावून मेकॅनिक हाताने पंखा फिरवी, ‘कॉन्टॅक्ट’ अशी हाक देताच इंजिन धडधडू लागे, ठोकळे ओढून घेतले जात, आणि वारा जोराचा असल्यास दोन माणसे पंखांची टोके धरून विमानाबरोबर चालत. वळायचे तर सुकाणू एका बाजूस दाबून इंजिनाला क्षणभर जोर द्यावयाचा, म्हणजे पंख्याचा झोत सुकाणूवर आदळून शेपटी फिरे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ज्या विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले, ते पस मॉथही याच कुळातले. जुहूची चिखलाळ जमीन पावसाळ्यात निरुपयोगी होई, म्हणून दरवर्षी सारा कारभार पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. वैमानिकाइतकेच जमिनीचेही ज्ञान त्या उद्योगास कसे आवश्यक होते, हे यावरून कळून येते.

पुढे डांबराच्या व काँक्रीटच्या पक्क्या धावपट्ट्या झाल्या. त्याने उतरणे सुलभ झाले असे वरवर पाहणारास वाटेल. शेपटीच्या चाकापुरते मात्र ते अधिकच बिकट झाले. उघड्या मैदानावर वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरता येई, आणि गवतावर चाके थोडी घसरून चूक पोटात घालीत. एका रेषेत आखलेल्या पट्टीवर वारा आडवा आला तरी उतरणे भाग असते, आणि कठीण पृष्ठभाग चाकांना घट्ट पकडून प्रत्येक तिरकेपणाची तत्काळ शिक्षा देतो. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे, यात आणखी दोन संकटांची भर पडते. तापलेली हवा विरळ असल्याने विमान अधिक वेगाने जमिनीस टेकते आणि अधिक लांब धावते. आणि दुपारच्या वावटळी कोणत्या क्षणी शेपटी उचलतील याचा नेम नसतो. अशा मुलखात हलके विमान उघड्यावर दोराने बांधून न ठेवणे म्हणजे जाणूनबुजून जोखीम पत्करणे होय.

या परंपरेस भारतीय रूप दिले ते डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाने. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन करून ते बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. त्यालाही शेपटीचेच चाक होते. टायगर मॉथच्या जागी येऊन त्याने वायुदलाच्या कित्येक तुकड्यांना पहिला धडा दिला. १९५८ सालच्या सप्टेंबरात फ्लाइंग क्लबांसाठी बांधलेले, दोन आसनांचे आणि ९० अश्वशक्तीचे पुष्पक उडाले. कापडाने मढवलेले हे हलके विमान वाऱ्याच्या प्रत्येक लहरीस उत्तर देई, आणि म्हणूनच ते उत्तम गुरू ठरले.

याच सुमारास जगभर नाकाखाली चाक असलेली विमाने रूढ होत होती. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ती आपसूक सरळ धावतात आणि समोरचे सर्व दिसते. आपल्याकडेही १९७७ साली प्रथम उडालेल्या एचपीटी-३२ या शिकाऊ विमानाने तोच मार्ग धरला. या बदलाने कितीतरी विमाने आणि माणसे वाचली, तेव्हा त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर पायांचे एक शिक्षण आपण गमावले हेही खरे. माझे आग्रहपूर्वक सांगणे असे की, प्रत्येक फ्लाइंग क्लबाने शेपटीच्या चाकाचे निदान एक विमान चालते ठेवावे आणि विद्यार्थ्यास काही तास त्यावर बसवावे. विमान उड्डाणासाठी प्रथम हलते तेव्हापासून ते अखेर पूर्णपणे स्थिर होईपर्यंतचा सर्व काळ वैमानिकी कायदा उड्डाणकाल म्हणून मोजतो. चाके टेकताच आपले काम संपले असे मानणाऱ्या वैमानिकाला या व्याख्येचा अर्थ शेपटीचे चाक पहिल्याच दिवशी शिकवते.