सातानंतर थेट नऊ

उजळणी म्हणताना सातानंतर एकदम नऊ म्हटलं, की मास्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. संगणकाच्या जगात मात्र ही उडी खरोखर मारली गेली. लिनक्ससाठी फ्लॅश प्लेअर ७ आला २००४ मध्ये आणि त्यानंतर आला तो थेट ९, जानेवारी २००७ मध्ये. आठवा लिनक्सवाल्यांच्या नशिबी नव्हताच!

कोणी म्हणेल, एक आकडा गाळला तर बिघडलं काय? तर मंडळी, काळ बघा. यूट्यूब सुरू झालं २००५ मध्ये. त्याच वर्षी विंडोज आणि मॅकवर फ्लॅश ८ आला, व्हिडिओसाठी नवा कोडेक घेऊन. वर्षअखेरीस अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. वेबवर व्हिडिओची लाट उसळत होती आणि लिनक्सवर आठव्या आवृत्तीसाठी बनवलेली साइट उघडली, की 'नवीन आवृत्ती टाका' अशी पाटी. टाकायची कुठून?

बरं, लिनक्सवाले म्हणजे हातावर हात ठेवून बसणारी जमात नव्हे. बिघडलं की सोर्स उघडायचा आणि दुरुस्त करायचा, हा त्यांचा खाक्या. पण प्लगइनचा मामला वेगळा. नेटस्केपने नव्वदच्या दशकात आणलेल्या या पद्धतीत ब्राउझर पानावर एक चौकट मोकळी सोडतो. त्या चौकटीत काय चालायचं ते प्लगइन ठरवतं. ब्राउझर खुला, कर्नल खुला, पण फ्लॅश म्हणजे सीलबंद डबा.

आवाजाचंच घ्या. फ्लॅश ७ जुन्या ओएसएस पद्धतीने आवाज काढायचा आणि लिनक्स तोवर अल्साकडे वळलं होतं. साउंड कार्ड दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेलं असलं, की व्हिडिओ मुका! यात लिनक्सचाही दोष होताच. आवाजाच्या इतक्या पद्धती, बाहेरच्याने धरायची तरी कोणती? पण डबा उघडता आला असता, तर कोणीतरी एखाद्या रविवारी बसून हे निस्तरलं असतं.

६४ बिटची रड तीच. ३२ बिटचं प्लगइन ६४ बिटच्या ब्राउझरमध्ये चालवायला मध्ये 'एनएसप्लगइनरॅपर' नावाचा दुभाषा बसवावा लागे. अ‍ॅडोबीने नोव्हेंबर २००८ मध्ये ६४ बिटची अल्फा आवृत्ती दिली, जून २०१० मध्ये मागे घेतली आणि पक्की आवृत्ती दिली ती २०११ मध्ये, फ्लॅश ११ बरोबर.

मग स्वतःच प्लेअर का नाही लिहिला? लिहिला की! जीएनयूवाल्यांनी 'नॅश' हाती घेतला. पण फ्लॅशच्या फाइलचा आराखडा वाचायला मिळायचा तोच मुळी प्लेअर न बनवण्याच्या अटीवर. ही अट सुटली मे २००८ मध्ये. तोवर फ्लॅश ९ मध्ये आतलं इंजिनच नवीन आलं होतं. नॅश बिचारा मागेच राहिला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ एचटीएमएल ५ मध्ये आला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा पाठिंबा संपवला. गंमत बघा, आज जुने फ्लॅशचे खेळ आणि कार्टून जिवंत आहेत ते मुख्यतः 'रफल'सारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच जोरावर ती जपली. ज्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांच्यासारख्यांनीच शेवटी घर सांभाळलं.

तर जिंकलो म्हणायचं का? अर्धंच. पैसे भरून पाहायचे चित्रपट ब्राउझरमध्ये आजही वाइडवाइनसारख्या सीलबंद भागातूनच उलगडतात. डबा लहान झालाय इतकंच. तो बनवणाऱ्यानेही कधी एखादा आकडा गाळायचं ठरवलं, तर आपण पुन्हा पाटीकडे बघत बसणार. असो.