लिस्बनमध्ये जामीन कोण राहणार?

१९७५ सालचा एक फोटो आहे. आल्फ्रेदो कुन्या या पोर्तुगीज फोटोग्राफरने काढलेला. लिस्बनला नदीकाठी दर्यावर्दींचं एक भलंमोठं दगडी स्मारक आहे. जहाजाच्या आकाराचं, सगळ्यात पुढे राजपुत्र हेन्री, मागे ओळीने बाकीची मंडळी. त्यात आपल्या शाळेच्या पुस्तकातला वास्को द गामाही आहे. फोटोत या स्मारकाच्या पायथ्याशी लाकडी खोक्यांचा ढीग पडलाय. आफ्रिकेतून परतलेल्यांचे संसार त्या खोक्यांत भरलेत. स्मारक दगडात उभं राहिलं १९६० साली, पुढच्याच वर्षी गोवा गेला, आणि पंधरा वर्षांत साम्राज्याचं सामान त्याच्याच पायाशी येऊन पडलं. एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं बुवा!

अंगोला आणि मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाले आणि सुमारे ५ लाख माणसं पोर्तुगालमध्ये येऊन थडकली. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटीसुद्धा नव्हती. या लोकांना नाव पडलं 'रेतोर्नादो', म्हणजे परत आलेले. पण गंमत अशी की यातल्या कित्येकांनी पोर्तुगाल आधी कधी पाहिलेलाच नव्हता. परत कसले येताय! आणि त्यांच्यात आपलीही माणसं होती. गोव्याचे ख्रिश्चन, दीवचे गुजराती बोलणारे हिंदू, कच्छ-काठियावाडातून पिढ्यांपूर्वी गेलेले इस्माइली खोजा.

ही मंडळी मोझांबिकमध्ये काय करत होती? गोवेकर प्रामुख्याने सरकारी कचेऱ्यांत, दीवचे बरेचसे गवंडीकामात आणि बांधकामात, इस्माइली दुकानदारीत. सगळं ठीक चाललं होतं ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. भारतीय सैन्याने गोवा-दमण-दीव घेतलं आणि त्याचा राग सालाझार सरकारने काढला मोझांबिकमधल्या भारतीयांवर. ज्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट होता त्यांना छावण्यांत कोंडलं, दुकानं आणि मालमत्ता जप्त केली आणि पुढे हाकलून दिलं. दीव किंवा गोव्यात जन्मलेला मात्र कागदोपत्री पोर्तुगीज, म्हणून तो राहिला. दीवचं बेट आणि काठियावाडचा किनारा यांच्यामध्ये जेमतेम एक खाडी आहे. खाडीच्या अलीकडे जन्मलात तर दुकान तुमचं, पलीकडे जन्मलात तर छावणी. भाषा तीच, जेवण तेच, देवही तेच.

हीच रेघ १९७५ मध्ये पुन्हा ओढली गेली. ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली भारताचे आहेत हे मान्य केलं. मग जून १९७५ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला. वसाहतींत जन्मलेल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचं पोर्तुगीज नागरिकत्व त्या कायद्याने एका फटक्यात काढून घेतलं. पण जुन्या 'पोर्तुगीज इंडिया'त जन्मलेल्यांसाठी एक वेगळं कलम ठेवलं. नागरिकत्व ठेवायचंय असं जाहीर केलंत तर ते राहील. आज गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी जी रांग लागते ना, ती त्याच परंपरेतली.

तर पासपोर्ट होता. घर?

सरकारने 'इआर्न' नावाचं एक खातं काढून लोकांना जमेल तिथे ठेवलं. बोर्डिंग हाऊस, पर्यटकांची हॉटेलं, अगदी एश्तोरीलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या भारी हॉटेलांतसुद्धा. पण हॉटेलात किती दिवस काढणार? आणि भाड्याने घर मिळणं महाकठीण. मुंबईकरांना त्याचं कारण लगेच कळेल. आपल्याकडे १९४७ चा बॉम्बे रेंट अॅक्ट, त्यांच्याकडे १९४८ पासून लिस्बन आणि पोर्तो शहरांतली भाडी गोठवलेली. १९७४ च्या क्रांतीनंतर तर संपूर्ण देशात गोठवली. परिणाम डिट्टो गिरगावसारखा. आत असलेला भाडेकरू मरेपर्यंत हलत नाही, मालक डागडुजी करत नाही, इमारतींना टेकू लागतात आणि बाहेरच्याला आत शिरायला वाव नाही. फक्त पागडी तेवढी आपली अस्सल.

अशा बाजारात मालक जेव्हा केव्हा घर देतो तेव्हा तो माणूस पारखून घेतो. यासाठी पोर्तुगीजमध्ये एक शब्द आहे, 'फियादोर'. सरळ मराठीत जामीन राहणारा. भाडेकरूने भाडं थकवलं तर मी भरीन असं लिहून देणारा. आणि तो इथलाच, इथेच कमावणारा हवा. पुण्यातले काका, त्यांचा कोथरूडचा फ्लॅट, त्यांच्या एफड्या... सब बेकार.

हा शब्द मला पुस्तकातून कळला नाही. मी कंपनीच्या कामासाठी लिस्बनला आलो तेव्हा एका मालकीणबाईंनी माझं ऑफर लेटर, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट सगळं नीट चाळलं आणि विचारलं, "पण इथे तुमचं कोण आहे?" कोणी नव्हतं. मग म्हणाल्या, वर्षाचं भाडं आगाऊ द्या. (२०२३ पासून कायद्याने दोन महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. पण कायदा कोणाला सांगता? त्यांच्याकडे बाकी बारा जणांचे फोन येत होते.) शेवटी घर मिळालं ते मोरारिया भागातल्या एका वाणसामानाच्या दुकानामुळे. तिथे मी तूरडाळ घ्यायला जायचो. दुकानवाले काका जन्माने मोझांबिकचे, घराणं दीवचं, गुजराती आणि पोर्तुगीज एकाच वाक्यात बोलणारे. माझं हिंदी आणि त्यांचं हिंदी दोन्ही यथातथाच, पण काम झालं. चौथ्या भेटीत त्यांनी स्वतःच विचारलं आणि आठवड्याभरात फियादोर म्हणून सही केली. मी चाट! ना नात्याचे ना गोत्याचे. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांसाठीही १९७६ मध्ये असंच कोणीतरी सही केली होती.

मग मी हा सगळा इतिहास वाचायला घेतला. (या भाषेनेच आपल्याला 'चावी' आणि 'पगार' हे दोन शब्द दिलेत. घर शोधणाऱ्याला तेवढे पुरावेत खरं तर!)

मोरारिया हे नावच मुळात परक्यांच्या वस्तीचं. ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिकेशने लिस्बन जिंकल्यावर मुसलमानांना म्हणजे मूरांना तटबंदीच्या बाहेर या उतारावर बसवलं, ११७० मध्ये सनद देऊन संरक्षण दिलं आणि १४९६ मध्ये मानुएल राजाने ज्यूंबरोबर त्यांनाही देश सोडायचा हुकूम काढला. याच राजाने पुढच्या वर्षी वास्को द गामाला आपल्याकडे धाडलं. असो. पाचशे वर्षांनी त्याच उतारावरच्या पडक्या, स्वस्त इमारतींत मोझांबिकहून आलेल्या भारतीयांनी कापडाची आणि घाऊक मालाची दुकानं थाटली. ज्या भागात पोर्तुगीज माणूस राहायला तयार नव्हता तिथे परक्याला जागा मिळाली. गोठवलेल्या भाड्यांचा हाही एक परिणाम.

इस्माइलींची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे आधीच बांधलेली जमात होती, आगाखानांची संस्था मागे उभी होती. फर्निचर, हॉटेलं अशा धंद्यांत त्यांनी जम बसवला आणि १९९८ मध्ये लिस्बनला त्यांचं मोठं केंद्र उघडलं. आर्किटेक्ट आपले राज रेवाल. गोवेकरांना भाषा येत होती, शिक्षण होतं, धर्म तोच होता. त्यांनी १९८७ मध्ये 'काझा द गोवा' काढलं. त्यांच्यातल्या लेखक ऑर्लांदो द कोश्ता यांचा मुलगा आंतोनियो कोश्ता लिस्बनचा महापौर झाला, पुढे २०१५ ते २०२४ पंतप्रधान. महापौर असताना २०११ मध्ये त्यांनी आपलं ऑफिसच मोरारियाला लागून असलेल्या बदनाम इंतेंदेंत चौकात हलवलं होतं.

सगळ्यात हाल झाले ते दीवच्या गवंड्यांचे. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारती बांधायच्या आणि रात्री झोपायला पत्र्याच्या झोपडीत. विमानतळापलीकडची किंता दा व्हितोरिया ही अशीच एक झोपडपट्टी. गोव्या-दीवच्या नावाने चारशे वर्षं मिरवणाऱ्या देशाच्या राजधानीला खेटून, आत आफ्रिकन आणि हिंदू कुटुंबं शेजारी शेजारी, वस्तीतच छोटं देऊळ. पण घर नसलं तरी शेजार होता. बारसं, लग्न, मयत, सगळ्याला हाकेच्या अंतरावर माणसं.

१९९३ मध्ये सरकारने झोपडपट्ट्या हटवून पक्की घरं द्यायची योजना आणली. चांगलीच योजना होती. फक्त तिचा पाया होता त्या वर्षीची शिरगणती. आपल्याकडे 'कट ऑफ डेट' म्हणतात तेच. यादीत नाव असेल तर फ्लॅट, त्यानंतर आलात तर काही नाही. पण पुनर्वसन रखडलं कितीतरी वर्षं. तेवढ्यात पोरं मोठी झाली, लग्नं झाली, दीवहून सुना आल्या. त्या सुना यादीत कुठून असणार? २००० नंतर बुलडोझर आले तेव्हा एकाच झोपडीतले काही जण हक्काचे आणि काही जण बेकायदा निघाले. आम्ही डेटाबेसवाले याला स्टेल डेटा म्हणतो आणि एक स्क्रिप्ट चालवून दुरुस्त करतो. इथे त्या जुन्या डेटावर भिंती पडल्या.

आताचा काळ बघा. २०१२ मध्ये जुन्या भाड्यांवरचं संरक्षण मोठ्या प्रमाणावर काढलं गेलं आणि त्याच वर्षी ५ लाख युरोचं घर घ्या आणि व्हिसा मिळवा अशी स्कीम आली. (घर घेऊन व्हिसा मिळवायचा मार्ग २०२३ मध्ये बंद झाला.) पर्यटकांना रोजाने घरं देणं सुरू झालं. मोरारियाच्या पडक्या इमारती रातोरात रंगल्या. आता लॅपटॉप घेऊन येणारा जर्मन किंवा अमेरिकन तो 'एक्सपॅट', आणि सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारा पंजाबी, नेपाळी, बांगलादेशी तो 'इमिग्रंट'. मी मध्ये कुठेतरी. लॅपटॉप आहे, रंग चुकीचा आहे.

या नव्या मुलांना १९७५ चं ते खास कलम नाही आणि मागे जमातही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोरारियात एका इमारतीला आग लागून दोन जण गेले, त्यातला एक १४ वर्षांचा मुलगा. तळमजल्यावर दाटीवाटीने राहणारी ही सगळी बाहेरून आलेली माणसं होती. १९ डिसेंबर २०२४ ला (हो, नेमकी तीच तारीख) तिथल्याच बेंफोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी डझनावारी लोकांना भिंतीकडे तोंड करून हात वर करायला लावले. त्याचे फोटो सगळीकडे फिरले.

आणि सहीचा प्रश्न तसाच आहे. राहण्याचा दाखला पंचायतीसारख्या स्थानिक कचेरीतून मिळतो. भाडेकरार नसेल तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे त्याच भागातले दोन मतदार साक्षीला आणायचे. भारतीय किंवा बांगलादेशी नागरिकाला इथे मतदान नाही, म्हणजे दहा जण एका खोलीत राहत असले तरी एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. साक्षीदार लागतो तो मतदार, म्हणजे बऱ्याचदा १९७५ वाला किंवा त्याचा मुलगा. मागणी तिथे पुरवठा, त्यामुळे सह्या विकणारे निघाले आणि एकेका पत्त्यावर शेकडो माणसं नोंदलेली सापडली.

दुकानवाल्या काकांनी कधी पैसे घेतले नाहीत. पण परवा डाळ आणायला गेलो तेव्हा गल्ल्यामागे त्यांचा मुलगा बसला होता. त्याने वडिलांना बजावलंय, आता कोणासाठीही सही करायची नाही. समोर दोन नेपाळी पोरं कागद घेऊन उभी होती. काका आत गोणी मोजत होते, बाहेर आले नाहीत.