गिऱ्हाइकाचं गृहकर्ज रखडलं: गावातल्या घराचा व्यवहार नेमका कुठे अडतो?

इसार पावती झाली, लाखभर रुपये हातात आले, तीन महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं. चौथा महिना लागला तरी गिऱ्हाईक सांगतं, "फाईल बँकेत आहे." तोवर विकणाऱ्याने त्याच पैशांच्या भरवशावर दुसरीकडे इसार देऊन ठेवलेला असतो. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात अशा वेळी सगळा दोष गिऱ्हाइकावर जातो. पण फाईल बऱ्याचदा अडकते ती विकणाऱ्याच्या कागदांवर.

कारण बँक दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासते. पहिली गिऱ्हाइकाची ऐपत: पगार, आयकर विवरणपत्र, सिबिल स्कोअर. यावर मंजुरीपत्र मिळतं आणि अनेकांना वाटतं की काम झालं. दुसरी तपासणी घराची असते. बँकेचा वकील मालकीचा इतिहास पाहतो, मूल्यांकनकार घर पाहून किंमत ठरवतो. हे दोन्ही अहवाल नीट आल्याशिवाय मंजूर झालेलं कर्जही हातात पडत नाही.

नमुना 8 पुरत नाही

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. (तलाठ्याकडचा 8-अ वेगळा, तो शेतजमिनीचा खातेउतारा.) नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर लागते एवढंच त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. त्यामुळे वकील मागचं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचे कागद मागतो. आजोबांनी बांधलेल्या घराला यातलं काहीच नसतं.

ही अडचण कमी करण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका आणि सनद दिली जाते. आपल्या घराची पत्रिका तयार आहे का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारता येतं. गिऱ्हाईक शोधण्याआधीच विचारलेलं बरं.

घर शेतजमिनीवर बांधलेलं असेल तर जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा असेल, तर विक्रीआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मराठवाड्यात निजामकाळातल्या इनाम जमिनी बऱ्याच असल्याने हा शेरा नीट वाचावा.

दुसरा खोळंबा सह्यांचा. वडिलांच्या पश्चात घरावर भावांइतकाच बहिणींचाही हक्क असतो आणि बँकेला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या असतात. या भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. एक भाऊ फडावर असेल तर खरेदीखत हंगाम संपेपर्यंत लांबू शकतं. कुलमुखत्यारपत्र जाण्याआधी नोंदवून ठेवलं तर हे टळतं.

किंमत कमी भरली तर

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 90 टक्के देता येतं. व्यवहार 15 लाखांचा ठरला आणि मूल्यांकन 11 लाखांचं आलं, तर कर्ज फार तर 9 लाख 90 हजार. उरलेले 5 लाख 10 हजार गिऱ्हाइकाला स्वतः उभे करावे लागतात. 'बँकेने उशीर केला' असं सांगितलं जातं, तेव्हा अनेकदा खरी जुळवाजुळव या फरकाची चाललेली असते. म्हणून विकणाऱ्याने फक्त "कर्ज झालं का?" असं न विचारता "मूल्यांकन किती आलं?" हे विचारावं.

तो फरक रोखीत घेण्याचा मोह महागात पडू शकतो. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तोही घेणाऱ्याला.

इसार पावतीत काय लिहावं?

तारीख लिहिली जाते, पण कर्ज नामंजूर झालं तर काय, हे बहुतेक पावत्यांत नसतं. भांडण इथेच पेटतं. इसार जप्त करण्याची अट स्पष्ट असेल आणि चूक गिऱ्हाइकाची असेल तर तो ठेवून घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं आहे. पण त्यासाठी दिलेली रक्कम खरोखर इसार असावी लागते. किमतीचा नुसता आगाऊ हप्ता असेल तर तो परत द्यावा लागू शकतो. म्हणून पावतीत तीन गोष्टी असाव्यात: मंजुरीपत्र दाखवण्याची तारीख, कर्ज न झाल्यास इसारातलं किती परत, आणि उशीर विकणाऱ्याच्या कागदांमुळे झाला तर मुदत किती वाढणार. शेवटची अट विकणाऱ्यांना नकोशी वाटते, पण तीच नसली तर आपल्याच उशिरासाठी समोरच्याचा इसार बुडवल्याचा आरोप होतो.

खरेदीच्या दिवशीही एक पेच असतो. पैसे मिळाल्याशिवाय विकणारा सही करत नाही आणि नोंदणीशिवाय बँक पैसे सोडत नाही. यावर रूढ उपाय म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट आधी तयार ठेवून तो दुय्यम निबंधक कार्यालयातच सुपूर्द करणं. ड्राफ्टची प्रत आदल्या दिवशी मागून घ्यावी.

"कर्ज होईलच, तोवर राहायला येऊ द्या" या विनंतीला मात्र सहज होकार देऊ नये. ताबा दिल्यावर व्यवहार फिसकटला तर घर रिकामं करून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. शिवाय महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं.