मलिहाबादची आमराई (परिसंस्था)

उत्तर प्रदेशात लखनौच्या वायव्येस सुमारे २५ किमी.वर असलेला, दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असा फळबागांचा पट्टा. या जातीचे मूळ झाड काकोरीजवळच्या दशहरी गावी आहे. सलग आमराई असली तरी ती निव्वळ लागवड नव्हे; माणसाने मांडलेली, पण कीटक, बुरशी, माती व हवा यांनी चालवलेली ती परिसंस्था आहे.

दशहरीला स्वतःच्या परागाने फलधारणा जवळजवळ होत नाही. म्हणून बागेत चौसा किंवा बॉम्बे ग्रीनसारख्या अन्य जातींची झाडे लागतात, आणि पराग वाहून नेण्यासाठी माश्या व मधमाश्या. मोहोरातला रस तुडतुडेही शोषतात. त्यांच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, पाने झाकली जाऊन प्रकाशसंश्लेषण घटते. जुन्या, दाट बागांतली दमट सावली तुडतुड्यांना मानवते; म्हणजे किडीचे घर झाडांनी स्वतःच बांधलेले असते. बेसुमार फवारणीत तुडतुड्यांसोबत परागवाहकही मरतात, हा उपाय असा महाग पडतो. पिठ्या ढेकणाची अंडी मातीत असतात. हिवाळ्यात पिल्ले खोडावरून वर चढतात, तेव्हा बुंध्याला गुंडाळलेला पॉलिथिनचा निसरडा पट्टा त्यांना रोखतो.

वीटभट्ट्यांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे फळाचे टोक काळे पडते. इथे कीड नाही, बुरशी नाही, केवळ बिघडलेली हवा. रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्थेत आंब्यावर संशोधन चालते. ‘मलिहाबादी दशहरी’ला भौगोलिक मानांकन आहे.