‘थांबते तर’ आणि ‘थांबले असते तर’ : उदगीरचा संकेतार्थ

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नसते, हे विधान आपले इतिहासलेखक जितक्या आग्रहाने करतात तितक्याच सहजपणे त्याचा भंगही करतात. उदगीरच्या लढाईविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, साठ लक्षांचा मुलूख मिळवला आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावरचा त्यांचा विश्वास दृढ झाला. मार्चमध्ये पडदूर (आजचे परतूर) येथे उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व रघुनाथरावांऐवजी त्यांच्याकडे गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. या क्रमामुळे उदगीरच्या विजयाविषयीचे कोणतेही विवेचन संकेतार्थाच्या उंबरठ्याशी येऊनच थांबते. प्रश्न असा की, तो संकेतार्थ मराठीत कोणत्या रूपाने मांडावयाचा?

रूपे दोन आहेत. ‘भाऊ दक्षिणेतच थांबते तर’ हे साधे रूप. ‘थांबले असते तर’ हे संयुक्त. आज शिष्ट गद्यात दुसऱ्याचेच राज्य आहे. पहिले ‘मी तुझ्या जागी असतो तर’ अशा ‘असणे’च्या प्रयोगांत आणि काहीशा जुन्या वळणाच्या लेखनात उरले आहे. याचे एक कारण उघड आहे. ‘मी थांबतो’ हे वर्तमानकाळाचेही रूप आहे, ‘थांबते’ हे तर स्त्रीलिंगी एकवचनी वर्तमानाशी तंतोतंत जुळते. ‘तर’ ऐकू येईपर्यंत श्रोता संभ्रमात राहतो. परंतु एवढ्यावर थांबल्यास ही केवळ सोयीची गोष्ट ठरेल, आणि ती तशी नाही.

स्पॅनिशमधील समांतर प्रकार येथे उद्बोधक आहे. तेथे भूतकालीन संकेतार्थाची ‘-रा’ आणि ‘-से’ अशी दोन रूपे आहेत : ‘फुएरा’ आणि ‘फुएसे’. ‘फुएसे’ लॅटिनमधील संशयार्थक पूर्णभूतातून आले, म्हणजे ते या घरचेच. ‘फुएरा’ मात्र मुळात निश्चयार्थक पूर्णभूत होते. घडून गेलेल्या गोष्टीचे कथन हे त्याचे काम. संकेतवाक्यांच्या वाटेने ते हळूहळू आत शिरले आणि आज बोलण्यात, विशेषतः अमेरिका खंडात, त्याचेच प्राबल्य आहे. पाहुण्याने घर बळकावावे तसे हे झाले.

मराठीतही हेच घडले, फक्त निराळ्या साधनांनी. ‘थांबले असते’ यातील ‘थांबले’ हे घडलेल्या क्रियेचे रूप आहे; न-घडणे सारे ‘असते’ या साहाय्यकावर सोपवलेले. (आणि हा साहाय्यक म्हणजे पराभूत झालेले साधे रूपच!) न घडलेले सांगण्यासाठी भाषा आधी ते घडल्याचे वाक्य रचते आणि मग ते मागे घेते. म्हणून ‘भाऊ दक्षिणेत थांबले असते तर’ हे वाक्य पानिपतानंतरच उच्चारता येते. वक्ता शेवटाशी उभा आहे, निकाल त्याच्या हाती आहे.

‘थांबते तर’ मध्ये, माझ्या मते, ही दारे अजून उघडी आहेत. हे वाक्य पडदूरच्या छावणीत उच्चारण्याजोगे आहे. जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडलेले, रघुनाथराव आधीच्या मोहिमेतून कर्ज घेऊन परतलेले, उदगीरचा जय ताजा. अशा वेळी ‘थांबते तर’ हा शोक नसून पर्याय आहे. आपल्या पानिपतविषयक लेखनावर नियतीची जी छाया सतत जाणवते तिचे खापर केवळ लेखकांच्या मनोवृत्तीवर फोडणे मला पटत नाही. हाताशी असलेले क्रियारूपच घटनेच्या पलीकडे उभे राहण्यास भाग पाडते. साध्या रूपाचे पुनरुज्जीवन करावे, असे मात्र मी सुचवीत नाही. ठरवून आणलेले क्रियारूप नाटकी वाटते.

उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. मराठीच्या शेजारी तेथे कन्नड, उर्दू आणि दखनी नांदत आल्या. दखनी-हिंदीत ‘आता तो’ आणि ‘आया होता तो’ ही दोन्ही रूपे आजही चालतात. एकाच बाजारपेठेत दखनी बोलणारा अजून ‘आता तो’ म्हणतो आणि त्याच्याशी व्यवहार करणारा मराठी माणूस ‘आला असता तर’ म्हणतो.