चोवीस आऱ्यांचा हिशेब

उरलेल्या महाराष्ट्रातल्या आईबापांना कागदी झेंडा वर्षातून दोनदा करावा लागतो. आम्हा हिंगोलीकरांना तीनदा. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि मधे आमच्या मराठवाड्याचा खास 17 सप्टेंबर. तसं झेंडावंदन 1 मे लाही असतं, आणि आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा निघाला तोही 1999 च्या 1 मे लाच. पण शाळेत तो निकालाचा दिवस. निकालाच्या दिवशी कुठलं लेकरू झेंड्याकडं बघतं? तेव्हा तीनच धरू. त्यात राखी, पोळ्याचे पुठ्ठ्याचे बैल, दसऱ्याला सोनेरी कागदाची आपट्याची पानं, दिवाळीचा आकाशकंदील आणि संक्रांतीचा पतंग मिळवा. म्हणजे ऑगस्ट ते जानेवारी आमच्या घरात स्वयंपाक कमी आणि खळ जास्त शिजते. मी ऑफिसात सही करायला हात पुढं केला, की बाहीला चिकटलेला घोटीव कागदाचा तुकडा कॅशियरला आधी दिसतो.

कागदाशी माझं नातं मुळात धंद्याचं. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि तेव्हापासून इतरांचे कागद मोजतो आहे. एके काळी आमच्या प्रिंटरला दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद लागायचा. छपाई झाली की त्या भोकांच्या पट्ट्या फाडून टाकायच्या. पण त्या टाकल्या कुणी? स्टाफमधल्या झाडून सगळ्यांच्या लेकरांनी त्या पट्ट्यांच्या माळा केल्या, मखरं सजवली, कंदिलाला झिरमिळ्या लावल्या. बँकेने खातेदारांना बोनस दिला असेल नसेल, पण लेकरांना तो नियमित मिळत होता. पुढे मशीनं बदलली, सुटे कागद आले आणि त्या माळा संपल्या. बँकेच्या आधुनिकीकरणावर माझी एवढी एकच तक्रार आहे.

मराठवाड्याला कागद नवा नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे आणि गावाचा धंदा नावातच आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादला आणली, तेव्हाच्या गर्दीत कागद करणारे कारागीर इकडे आले असं सांगतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, जाळीवर तो लगदा तोलायचा, वाळवायचा आणि घोटायचा. राजधानी थोड्याच वर्षांत परत दिल्लीला गेली. कागद इथेच राहिला. सरकारी बदल्यांमध्ये मागे राहिलेला माल पुष्कळदा जास्त उपयोगी निघतो. पण एवढ्या मेहनतीचा कागद फर्मानांना, पोथ्यांना आणि सावकाराच्या वह्यांना जायचा. तो चार वर्षांच्या पोराला कापायला देण्याइतकं डोकं फिरलेला माणूस त्या काळात नसावा.

लेकराच्या हाती मुद्दाम कागद द्यावा आणि त्याने तो दुमडावा, कापावा, विणावा, ही रीत जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल या मास्तरांनी बसवली. 1837 साली त्यांनी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. आपल्या गल्लीबोळातल्या ‘के.जी.’ची ही मूळ पणजी. आता गंमत बघा. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. कारण काय, तर फ्रोबेलच्या पुतण्याने, कार्ल फ्रोबेलने, एक पत्रक काढलं होतं. सरकारला त्यात समाजवादाचा वास आला आणि आडनाव एकच बघून चुलत्याच्या बागेला टाळं लागलं. आमच्या बँकेत नावाच्या अशा घोळाने एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर पडतं, पण ते आठवड्यात तरी दुरुस्त होतं. ही बंदी उठायला 1860 उजाडलं. फ्रोबेल बिचारे 1852 मध्येच गेले होते.

हे लोण आपल्याकडे येऊन पोचलं आणि त्यातून एक फार नामी माणूस निघाला. मद्रास इलाख्यात महसूल खात्यात नोकरी करणारे टी. सुंदर राव. किंडरगार्टनमधल्या कागद दुमडण्याच्या खेळावरून त्यांना सुचलं, की सगळी भूमितीच नुसत्या घड्या घालून शिकवता येईल. 1893 साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची वाखाणणी केली आणि मग ते पुस्तक अमेरिकेतही छापलं गेलं. दिवसभर सरकारी कागदांच्या घड्या घालणाऱ्या माणसाने घरी येऊन पुन्हा घड्याच घालाव्यात आणि त्यातून जगात नाव काढावं, हे वाचल्यापासून मला माझ्या टेबलाबद्दल जरा आदर वाटू लागला आहे.

सुंदर रावांच्या या विद्येचा उपयोग आमच्या घरी दर झेंड्याला होतो. कागदी झेंड्यात केशरी, पांढरा, हिरवा हे काम सोपं. अवघड असतं ते चक्र. आरे 24. बालवाडीतल्या मुलीला 24 रेषा सारख्या अंतराने काढायला सांगा. आठव्या रेषेपर्यंत ती सूर्य काढते, बाराव्यापर्यंत कोळी आणि त्यापुढे रडू. यावर तोडगा घडीचा. कागदाचा गोल कापायचा. एकदा मधोमध दुमडायचा. मग त्या अर्ध्या गोलाच्या, शेंगदाण्याच्या पुड्यासारख्या, तीन सारख्या घड्या घालायच्या. मग पुन्हा मधोमध, आणि आणखी एकदा मधोमध. उलगडला की मध्यापासून कडेपर्यंत मोजून 24 सुरकुत्या. त्यांच्यावरून निळी पेन्सिल फिरवायची. दोन, सहा, बारा, चोवीस. यात कोनमापक नाही की बापाचा आवाज चढणं नाही. पहिल्यांदा कागद उलगडला तेव्हा माझी लेक माझ्याकडं अशी बघत राहिली, की पगारवाढीच्या दिवशी आमची ही सुद्धा कधी बघितलेली नाही.

आता झेंड्याचं तिसरं प्रकरण, म्हणजे 17 सप्टेंबर. हे आमच्याच लेकरांना नीट ठाऊक नसतं, मग पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना कुठून असणार? देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होती आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. त्यामुळे भारताचा झेंडा इथे परक्या देशाचा ठरला. तो लावणं म्हणजे तुरुंगाची वाट. स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ यांना ऐन 15 ऑगस्टलाच अटक झाली. गावोगाव झेंडा सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली, रझाकारांचा धुमाकूळ झाला. शेवटी 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने हार मानली. व्याज मोजायच्या सवयीने मी दिवस काढले. 1948 हे लीप वर्ष, त्यामुळे फेब्रुवारीचा एक दिवस जास्तीचा धरून बरोबर 399. देशाचं स्वातंत्र्य आमच्या खात्यात 399 दिवस उशिरा जमा झालं, आणि तेही बिनव्याजी.

संस्थानाचा स्वतःचा झेंडा होता. पिवळा, आणि मधोमध पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा, आपल्या भाषेत भाकरी म्हणा. पहिल्या निजामाला एका फकिराने पिवळ्या फडक्यात बांधून सात कुलचे दिले आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद दिला, अशी त्यामागची कथा. कथेचं सोडा, पण कागदकामाच्या दृष्टीने हा झेंडा फारच सोयीचा होता, हे मान्य करायला पाहिजे. वाटी उपडी ठेवायची, गोल काढायचा, संपलं. आरे नाहीत, घड्या नाहीत. एवढंच नाही, निजामाच्या राज्यात सिरपूरला कागदाचा कारखानाही होता. तिथल्या गावाचं नावच कागजनगर. म्हणजे कागद भरपूर होता, फक्त त्यावर काय रंगवायचं ते आधी ठरलेलं होतं.

आमचे आजोबा 1948 मध्ये 12 वर्षांचे होते. निजामाने शस्त्रं खाली ठेवल्याची बातमी गल्लीत आली तेव्हा झेंडा कुणाच्याच घरात नव्हता. असणार कसा? मग पोरांनीच करायचं ठरवलं. कागद म्हणून सावकाराच्या जुन्या रोखकिर्दीतलं एक कोरं पान मिळालं, पण ते एकाच बाजूने कोरं. मागे कुणाची तरी हाली शिक्क्यातली उधारी लिहिलेली. हळदीत कुंकू कालवून केशरी केला. हिरव्यासाठी मेथीची पानं चोळली. निळा म्हणून धुण्याची नीळ. ज्वारीच्या पिठाची खळ करून तो कागद तुरीच्या काडीला चिकटवला. सगळं जमलं आणि चक्रापाशी गाडं अडलं. काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा असतो एवढं एकाने ऐकलेलं. दुसरा म्हणाला, तो गेला, आता चाक आहे. 22 जुलै 1947 ला घटना समितीने अशोकचक्र ठरवलं होतं, पण किती आरे ही बातमी संस्थानात 12 वर्षांच्या पोरांपर्यंत कोण आणणार? शेवटी आजोबा दाराशी सोडलेल्या बैलगाडीपाशी गेले, चाकाचे आरे मोजले आणि तेवढे काढले.

“किती होते हो आजोबा?” मी लहानपणी विचारायचो.

“ते काय आता ध्यानात राहतंय? गाडी चालत होती त्याच्यावर,” आजोबा म्हणायचे.

हिरवा रंग दुसऱ्या दिवशी पिवळा पडला आणि पुढच्या पावसात काडी तेवढी राहिली. पण तो झेंडा त्यांनी स्वतः केला होता, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात तो केला असता तर घरच्यांवर काय प्रसंग आला असता, हे त्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

हे सगळं मला आठवतं ते शाळेचा मेसेज आला की. “विद्यार्थ्यांनी स्वहस्ते तयार केलेला ध्वज आणावा. उत्कृष्ट ध्वजास बक्षीस.” यातल्या ‘स्वहस्ते’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात एक आणि पालकांच्या मनात दुसरा. गेल्या खेपेला एका चिरंजिवांच्या झेंड्यात लुकलुकणारे दिवे होते आणि चक्र बॅटरीवर फिरत होतं. चिरंजीव चार वर्षांचे. त्यांना बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्या वाजवायला त्यांचे वडील त्यांच्याही आधी उठले. माझ्या लेकीच्या झेंड्याचा केशरी पट्टा हिरव्यापेक्षा बोटभर रुंद होता आणि पांढऱ्यावर खळीचा अंगठा उमटलेला. तिला उत्तेजनार्थही मिळालं नाही. घरी येताना ही म्हणाली, “अहो, तुम्ही जरा पट्टी धरून दिली असती तर?” मी म्हटलं, “मग तो माझा झेंडा झाला असता.” यावर हिने जे उत्तर दिलं ते घरगुती आहे.

महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले मुलांपुढे ठेवले आणि त्यातून शिकवलं. त्या आज आमच्या शाळेत परीक्षक म्हणून आल्या असत्या, तर बॅटरीवाल्या चक्राकडं बघून त्या काय म्हणाल्या असत्या, हे मी मनातल्या मनात बऱ्याचदा रंगवून बघतो. दोघीही मला फार आवडतील असंच बोलतात.

मधल्या काळात प्लॅस्टिकचे झेंडे आले. दहा रुपयांत डझन, ना खळ ना कात्री. 16 तारखेला रात्री दुकानात जायचं आणि मोकळं व्हायचं. 18 तारखेला तेच झेंडे गटारात. 1 जुलै 2022 पासून देशभर त्यांच्यावर बंदी आली. त्याच यादीत सजावटीचा थर्माकोलही गेला. बंदी कागदावर आहे, पण निदान कागदावर तरी आहे. ध्वजसंहितेने मात्र कागदी झेंड्याची आधीपासूनच कदर केलेली आहे. राष्ट्रीय सणाला, सांस्कृतिक कार्यक्रमाला किंवा सामन्याला लोकांनी कागदी झेंडा हातात धरावा, पण कार्यक्रम संपल्यावर तो जमिनीवर टाकू नये, खासगीत, मानाने त्याचा निरोप घ्यावा, असं त्यात सांगितलं आहे.

आता हा मानाने निरोप आमच्या घरात कोण घेणार? लेक एकही झेंडा द्यायला तयार नाही. ते सगळे आमच्या लोखंडी कपाटात, फिक्स डिपॉझिटच्या पावत्यांच्या खालच्या खणात आहेत. परवा मोजले, 14 भरले. एकाच्या चक्राला 23 आरे आहेत; एक सुरकुती तिला सापडली नव्हती. कुठली, ते अजून तिचं शोधणं चालू आहे.